गजराजचा डबा

"जीप विकायचीच आहे ना, ताई? मग गजराजचा हट्ट कशाला? हे वनराज घ्या," द्वारका चौकातला तिसरा ऑइलवाला दुकानदार म्हणाला.

उज्वलाने हातातला रिकामा डबा काउंटरवर ठेवला, उचलला, परत ठेवला. डबा गजराज ऑइलचा, पाच लिटरचा. सकाळी तो हातात देताना नवऱ्याने, धोंडीरामांनी, बजावलं होतं, "यातच भरून आण. सुटं मिळतं. जाड दे म्हणावं."

पहिला दुकानदार म्हणाला होता, गजराजच घ्या, जुन्या गाडीची सवय मोडू नये. दुसरा म्हणाला, गजराज आता पूर्वीचं राहिलं नाही. आणि आता हा.

"उद्या कळवणचं गिऱ्हाईक यायचंय," उज्वला म्हणाली. "इंजिन खडखडतं. धूर काढतं."

"म्हणून तर जाड. आदल्या दिवशी भरायचं. दुसऱ्या दिवशी इंजिन गपगार. पहिला घाट लागेपर्यंत गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. सगळे असंच करतात."

"आणि पातळ भरलं तर?"

"पातळ नव्या गाड्यांना. या वयाच्या जीपमध्ये भरलं तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजेल. धूर असा निघेल, की डासांची फवारणी आली म्हणून शेजारी खिडक्या लावतील."

उज्वला हसली नाही. पिंपांच्या रांगेपुढून ती दोनदा फिरली. शेवटी तिने एकाकडे बोट केलं.

"नक्की ना, ताई?"

"भरा."

रिक्षात डबा पायांत धरून ती बसली, पण बसवेना. उद्या जीप गेली की अंगण मोकळं होणार. वाळवणाला जागा, दोरीला जागा. लग्न झाल्यापासून ती सांगत आली होती, "एका अंगणात आम्ही दोघी नांदतोय." धोंडीरामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सायलीने, त्यांच्या मुलीने, बंगळुरूहून हुकूम सोडला, "बाबा, आता जीप काढा." गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. उज्वलाने लेकीची री ओढली.

धोंडीराम एवढंच म्हणाले होते, "दोघींचं ठरलंय ना? मग विका."

तेव्हापासून ते आमटीत मीठ कमी आहे की जास्त, हे सांगेनासे झाले होते.

"मिळालं का जाड?" त्यांनी दारातच विचारलं.

"मिळालं."

"गजराजच ना?"

"डब्यावर काय लिहिलंय?"

दुपारी ते डबा, पाना आणि जुनं घमेलं घेऊन अंगणात गेले. "तू नको येऊस, साडी खराब होईल," म्हणाले. उज्वला भांडी विसळता विसळता दारापर्यंत जाऊन आली. पुन्हा गेली. जीपच्या पलीकडे त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं.

"झालं," आत येऊन ते म्हणाले. "भरलं."

दुसऱ्या दिवशी फाटक करकरलं. ऑइल बदललं की निघालेलं काळं ऑइल धोंडीराम फाटकाच्या बिजागऱ्यांना लावत. या वेळी राहिलं असावं.

कळवणचा प्रफुल्ल जीपभोवती फिरला, टायरवर लाथ मारून पाहिली, आत बसला. किल्ली फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजू लागली. निळा धूर तुळशीवरून वर चढला. शेजारच्या मालनबाईंनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"काय हो काका हे? सायलीताई तर म्हणाल्या, गाडी एकदम कंडिशनमध्ये हे."

"कालच नवं ऑइल भरलंय," धोंडीराम खाली बघत म्हणाले. "मी स्वतः."

"मग तर लय अवघड हे! ऑइल बदलून ही तऱ्हा, तर न बदलता काय झालं असतं?"

तो चहालाही थांबला नाही. फाटक पुन्हा करकरलं.

"गेलं गिऱ्हाईक," धोंडीराम म्हणाले.

"जाऊ दे. मिळेल दुसरं." उज्वलाने तोंडाला पदर लावला. धूर होताच तेवढा.

"सायलीला काय सांगायचं?"

"सांगू, ऑइल मानवलं नाही."

जेवताना पहिल्याच घासाला धोंडीराम म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

उज्वला इतक्या चटकन उठली, की मिठाऐवजी साखरेचा डबा घेऊन आली.

ते आडवे झाल्यावर ती अंगणात गेली. डबा आजच भंगारवाल्याला द्यायला हवा होता. तळाशी राहिलेलं ते पाण्यासारखं पातळ ऑइल यांनी कधी बोटावर घेऊन पाहिलं असतं, तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

डबा जीपच्या मागच्या सीटखाली सापडला, गोणपाटात गुंडाळलेला. रिकामा म्हणून तिने तो एका हाताने ओढला. तो हलला नाही.

तिने दोन्ही हात लावले. टोपण दुकानदाराने लावलं होतं तसंच घट्ट होतं, आणि डबा गळ्यापर्यंत भरलेला.