मासोळीचा डोळा

“कडेच्या बाई, बाहेर व्हा, मावत नाही!” भावाच्या लग्नातला फोटोग्राफरचा तो आवाज द्वारकाआत्याच्या कानांत तीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हापासून फोटोच्या वेळी ती आपणहून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत लांब उभी राहायची.

आज बारशाला भाचीने स्वस्तातली फिशआय लेन्स आणली होती, मासोळीच्या डोळ्यासारखी फुगीर. हाताने फोकस फिरवत तिने पाळण्याभोवतीचा गोतावळा टिपला. आत्याने कुतूहलाने स्क्रीनवर डोकावलं. भिंती टोपलीसारख्या वाकल्या होत्या आणि कडेला, पर्सांसकट, चंद्रकोरीसारखी वाकलेली ती स्वतः!

“अगं बाई, मी कशी आले यात?”

“ही लेन्स कुणालाच बाहेर ठेवत नाही, आत्या. पण तू वाकडी आलीस. पुसून दुसरा काढते.”

आत्याने तिचा हात धरला. “राहू दे. वाकडी तर वाकडी! मला दर वेळी यायचं होतं गं फोटोत.”