मागचा अर्धा भाग

“नमो मरिये, कृपापूर्णे…” आतल्या खोलीतून माणिकबाईंचा आवाज आला आणि जात पडताळणीच्या साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

“माही आई हाये, साहेब,” देवानंद म्हणाला. “भजन म्हणून राहिली. वय झालं.”

त्याची मुलगी वर्षाली उठून आत गेली. सकाळीच दोघांनी मिळून मरियेची तसबीर पलंगाखाली सरकवली होती आणि त्या जागी माहूरच्या रेणुकेचं कॅलेंडर लावलं होतं. घर ख्रिस्ती निघालं असतं तर अनुसूचित जातीचा दाखला गेला असता, आणि दाखल्यासोबत वर्षालीची मेडिकलची जागा. विहिरीवरून हाकलताना गावानं आमचा देव विचारला नव्हता, असं देवानंद घरात नेहमी म्हणे. साहेबांपुढे तो हे बोलला नाही.

माणिकबाईंनी दोन दिवस पाणीही नीट घेतलं नव्हतं. ‘नमो मरिये’ ही प्रार्थना घरात दोघांनी मिळून म्हणायची. आधी एकानं पुढचा अर्धा भाग, मग दुसऱ्यानं मागचा. पुढचा भाग शास्त्रातला आहे, देवदूतानं मरियेला केलेलं वंदन त्यात आहे. मागचा भाग माणसांनी कित्येक शतकांनंतर जोडला, हे वर्षालीनं अकरावीत असताना शोधून काढलं होतं. आजीला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. आजी म्हणाली होती, “मंग तेवढा आपला हाये.”

माणिकबाई पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या भागाच्या शेवटी येशूचं नाव येतं. ते यायच्या आत वर्षालीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

हाताखाली ओठ हलत राहिले, मग थांबले. आजी मागच्या अर्ध्या भागाची वाट पाहत होती. वर्षालीनं हात तसाच दाबून ठेवला. ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले. बाहेर साहेब विचारत होते, कुलदैवत कोणतं, लग्नात हळद कोण लावतं, माणूस गेलं की काय करता.

“जाळतो, साहेब,” देवानंद म्हणाला. “सगळे करतात तसंच.”

चहा झाला. साहेबांची गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागली.

वर्षालीनं हात काढला. तळवा ओला झाला होता. ती घाईघाईनं म्हणाली, “हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पापी जनांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.”

आजीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. दारात देवानंद येऊन उभा राहिला होता. काम झालं, तो म्हणाला. फक्त दाखला हातात येईपर्यंत साहेब वस्तीत पुन्हा कधीही चौकशीला येऊ शकतात.

माणिकबाईंनी त्याला मानेनं जवळ बोलावलं. तो वाकला.

“मले खरंच जाळशीन काय रे?”