विरी गेलेलं पीठ

भाकरी परातीतच तुटली. श्रीरंगने हात झटकले. "माझ्याच्यानं काहीच होत नाही, अण्णा."

नोकरी गेल्यापासून चार महिने तो चहा-बिस्किटांवरच होता. मन सतत धास्तावलेलं. "गोळ्यांबरोबर दोन वेळचं जेवणही लागेल," असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं.

"दोष पिठाचा आहे," निवृत्त मास्तर असलेले वडील शांतपणे म्हणाले. "जुन्या पिठाची विरी जाते, चिकटपणा उरत नाही, मग भाकरी चिरते. ते टाकायचं नसतं, कढत पाण्यात मळायचं."

आधण ठेवून, त्यात पीठ मळून थापलेली दुसरीही कडेला भेगाळली.

"पहिल्या दिवशी कुणाचा 'अ' सरळ आला होता, रंगा? भाज ती."

श्रीरंगने ती भाजली आणि मेथीच्या भाजीबरोबर सगळी खाल्ली. मग कुणी न सांगता गॅसवर पुन्हा आधण ठेवलं.

"अण्णा, ताट घ्या. तुमची भाकरी मी थापतो."