मिस क्लिओमीचं एक मत

एकशे एकोणनव्वद चिठ्ठ्या वाचून झाल्या, तरी क्लिओमी टेटमचं नाव आलं नव्हतं.

शाळेच्या खोलीत गाव दाटीवाटीनं उभं होतं. केमन ब्रॅक बेटावर बायकांना यंदा पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला होता, आणि उभी राहिलेली बाई एकच, क्लिओमी; लग्न झालेली असली तरी बेटाच्या रीतीने सगळ्यांची 'मिस क्लिओमी'. ताडाच्या पानांचे दोर वळून वळून घट्टे पडलेले हात तिने झग्याच्या खिशांत दडवले होते. एक तरी निघू दे, देवा. शून्य नको.

दोन वर्षांपूर्वी तिची सून बाळंतपणात अडली. बेटावर डॉक्टर नव्हता. मोठ्या बेटावरून डॉक्टरला घेऊन बोट आली ती तिसऱ्या दिवशी, सुनेला पुरून झाल्यावर. बेटाला डॉक्टर हवा, एवढं एकच म्हणणं घेऊन क्लिओमीने अर्ज भरला होता. अकरा जणींनी तिचे हात हातात धरून शब्द दिला होता. पण समोर कॅप्टन एल्ड्रिज होते, आणि निम्म्या घरांतली पोरं त्यांच्या जहाजांवर नोकरीला होती.

तिचा नवरा रॅन्सफर्ड तीस वर्षं समुद्रावर काढून घरी बसलेला. अर्जाचं कळलं तेव्हा दुकानात चारचौघांत म्हणाला, "माझ्या घरात कॅप्टन एकच!" लोक खो खो हसले. त्या दिवसापासून तीन आठवडे तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ताट समोर आलं की जेवायचा आणि उठून जायचा.

क्लिओमीने स्वतःलाही मत दिलं नव्हतं. पाहुण्यांच्या आधी आपलंच ताट वाढून घेतल्यासारखं वाटलं तिला. तिसरे उमेदवार असलेल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या नावापुढे फुली मारून ती बाहेर पडली होती. आता जीव टांगणीला लागल्यावर त्या भिडेचा तिला राग येत होता.

"क्लिओमी टेटम," अधिकाऱ्याने वाचलं.

तिचा श्वास सुटला. मग पुन्हा कॅप्टन, पुन्हा मास्तर, पुन्हा कॅप्टन. पेटी रिकामी झाली. एकूण मत, एक.

"चला, मिस क्लिओमी निदान स्वतःला तरी विसरल्या नाहीत!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी खोली हसली. खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण विश्वास कोण ठेवणार? मान खाली घालून ती किनाऱ्याकिनाऱ्याने घरी आली.

ऊन उतरायच्या आत शब्द देणाऱ्या अकरा जणींतली ओरिल्डा आली, कसाव्याच्या कंदाचा गरम केक फडक्यात गुंडाळून. दारातच कुजबुजली, "ते मत माझं बरं का, मिस क्लिओमी. कुठं बोलू नका, आमचा थोरला जहाजावर आहे." ती गेली आणि दुसरी आली. मग तिसरी, मग चौथी. चौघींचं वाक्य तेच, नजर तशीच जमिनीकडे. क्लिओमीने चौघींचेही आभार मानले आणि दार लावून घेतलं.

रॅन्सफर्ड खिडकीपाशी जाळ्याची गाठ मारत बसला होता.

"चौघीही खोटं बोलतात," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी आवाज ऐकून ती दचकली. "असू दे. त्यांचीही पोरंबाळं आहेत. एकीचं तरी खरं असेल."

"एकीचंही नाही."

"तुला रे काय ठाऊक?"

रॅन्सफर्डने जाळ्यावरची नजर उचलली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"एकच तर मत होतं, क्लिओमी. ते कुणाचं, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"