रिकाम्यांची मिटिंग

"सही कर," खेमराज म्हणाला.

बापाच्या हातातला कागद पाहून संघदीपचा चेहरा उतरला. मेलबर्नच्या कॉम्प्युटर इंजिनिअरांच्या संघटनेचा तो फॉर्म वर्षभर त्याच्या बॅगेत घडी होऊन पडला होता. आज बॅग भरताना नेमका खेमराजच्या हाती लागला. खेमराजला इंग्रजी फारसं येत नसे, पण मेंबरशिप हा शब्द तो बरोबर वाचायचा. गोंदियाच्या राइस मिलांमध्ये त्याने तीस वर्षं हमाली केली होती आणि हमाल युनियनच्या एकाही मिटिंगला दांडी मारली नव्हती.

"बाबा, काही फायदा नाही त्याचा. नुसते भाषणं देऊन राहतेत तिथं."

"मंग आमच्या युनियनमंदी का सिनेमा दाखवत होते?"

"मले टाइम नाही राहत."

"महिन्यातून एकच मिटिंग हाय. हे पाह्य, इथं लिवलं हाय." खेमराजचं बोट पत्त्याच्या ओळीवर होतं, पण अंदाज खरा निघाला.

संघदीप बॅगेत कपडे कोंबू लागला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. २००८ साली तो इंजिनिअर म्हणून पक्का व्हिसा मिळवून ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा स्टेशनवर अर्धी वस्ती लोटली होती. तो तिकडे पोचला आणि मंदी आली. नोकरी काही मिळेना. शेवटी एका गोदामात खोकी उतरवायच्या कामाला लागला. पहिल्या आठवड्यात ते घरी सांगायचं राहून गेलं. तोवर इकडे बातमी पसरली होती की पोरगा मोठ्या कंपनीत आहे. मग सांगणं आणखी अवघड झालं. या सुट्टीत तर विहारात शाल देऊन सत्कार झाला. जागेश्वर मास्तरांनी दहावीच्या पोरांना त्याच्यासमोर ओळीने उभं केलं आणि म्हणाले, असं व्हा. संघदीपला शालीखाली दरदरून घाम फुटला.

संघटनेत जायचं म्हणजे पहिल्या चहालाच कुणीतरी विचारणार, तुम्ही कुठे काम करता? तिथे खोटं खपणार नाही आणि खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. तसा तो दोनदा त्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. पण तिथे न गेलं तर नोकरीचं कुणाला विचारणार, हेही त्याला कळत नव्हतं. गोदामातच जन्म जाणार अशी भीती त्याला वाटायला लागली होती.

"गाडीले दोनच तास हायेत. बॅग काढू द्या," म्हणत तो उठला.

बॅग बाहेर न्यायच्या वाटेत तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा आडवा पडला होता. संघदीपने गुडघा वाकवला, कट्टा मांडीवर घेतला, एक हिसका देऊन खांद्यावर टाकला आणि कोपऱ्यात नेऊन अलगद ठेवला. वर हातही झटकले.

खेमराज बघतच राहिला.

"हे कोनत्या कॉम्प्युटरवर शिकला?"

संघदीपला रडू फुटायचंच बाकी होतं. मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं. गोदाम, खोकी, सगळं.

खेमराज रागावला नाही. त्याने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कुसुमबाई गाडीसाठी पोळ्या लाटत होती. मग त्याने आवाज खाली आणला.

"एक गोष्ट सांगतो. तुया मायले सांगू नोको. तू तीन वर्साचा होता तवा मिल बंद पडली. सहा महिने मी रिकामा होतो. घरून रोज डबा घेऊन निघत होतो. सकाळी युनियनच्या हापिसात बसत होतो, दुपारी स्टेशनवर भेटल ते ओझं उचलत होतो."

"युनियनवाले हसले नाही?"

"हसनार कोन? काम असलेला मानूस कायले येते मिटिंगले? माह्यासारखा एखादाच. तिथं सारे रिकामेच. कोन्या मिलमंदी गडी पाहिजे, हे पयले त्यायलेच कळत होतं. मले काम तिथंच भेटलं."

संघदीप पहिल्यांदाच हसला. एवढी साधी गोष्ट त्याला वर्षभर सुचली नव्हती. त्याने खिशातून पेन काढला.

तेवढ्यात कुसुमबाई डबा घेऊन दारात आली.

"मले दोघायचंबी माहीत हाय," ती म्हणाली.

बाप आणि लेक दोघेही चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"तुले कोनं सांगतलं?" खेमराजने कसंबसं विचारलं.

"सांगाले कायले पाहिजे? काम असलेला मानूस घरी येऊन साहेबाच्या नावानं बोटं मोडते. तुमी त्या सहा महिन्यात मुकादमाले एक शिवी देल्ली नाही. अन् हा वर्सभर फोनवर म्हनते, साहेब लय चांगला हाय." तिने डबा बॅगेत कोंबला आणि लेकाकडे वळली. "सही कर बेटा. अन् एखादा खरा साहेब भेटला, का फोनवर त्याले पोटभर शिव्या दे. मंग मी समजीन, नोकरी लागली."