अंगण, आवृत्ती तिसरी

आप्पा सलग अकराव्यांदा पकडले गेले.

त्यांनी चष्मा पुसला, मग मोबाईलही पुसला, आणि गेम पुन्हा सुरू केला. समोर निवृत्ती सर बसले होते. सोफा चौघांचा होता, सरांनी त्यातले चार इंच वापरले होते. शेजारी त्यांची मुलगी पंचशीला. टीपॉयवर सत्काराची शाल, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

सकाळी आप्पांच्या माणसाचा फोन आला होता. गावच्या माणसाचा गेम मोबाईलवर आला, पेपरात छापून आलं, आप्पा सत्कार करणार म्हणतात, अकराला बंगल्यावर या. निघण्याआधी सरांनी बायकोला विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते दाखवलं.

गेम साधा होता. एका पोरानं अंगणाच्या या फाटकातून शिरायचं आणि पलीकडच्या फाटकातून शाळेला जायचं. मध्ये लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा. त्याची नजर पिवळ्या उजेडासारखी जमिनीवर फिरते. अंगावर पडली, की पहिल्यापासून.

सरांनी हा गेम पहिल्यांदा त्र्याण्णव साली माजलगावच्या कॉम्प्युटर क्लासात केला, तेव्हा म्हातारा म्हणजे नुसता एक चौकोन होता. चौकोन कुणाचाही बाप असू शकतो. फ्लॉपीवरून तो तालुकाभर फिरला आणि कुणाची काही तक्रार आली नाही. दोन हजार सहाला एका कॅफेवाल्यानं सीडी काढली, तेव्हा चौकोनाला टोपी आली. टोपी काय, अर्ध्या जिल्ह्याला होती.

घोळ तिसऱ्या आवृत्तीत झाला. पंचशीला पुण्यात गेम बनवायचंच काम करते. तिनं बापाला समोर बसवून एकेक विचारलं, आणि सर जन्मभर मास्तर. प्रश्न आला की पूर्ण उत्तर. लिंब कुठं, बाज कुठं, मिशी कशी, उजव्या डोळ्याखाली मस केवढा. तिनं सगळं जसंच्या तसं घातलं. खोकलासुद्धा. तो सरांनी स्वतः खोकून दिला.

म्हणजे आता आप्पांच्या हातात आप्पांचे वडील होते. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतही तोच मस होता. येताना रिक्षात सर सारखं म्हणत होते, तेवढा मस तरी काढ. अपडेट यायला दोन दिवस लागतात, असं पंचशीला म्हणाली.

सरांच्या वस्तीतून शाळेला ओढ्याकडून जायचं तर दीड कोस. या अंगणातून साठ पावलं. ती साठ पावलं वस्तीतल्या पोरांसाठी नव्हती. सर सहा वर्षं तिथूनच गेले आणि एकदाही कुणाला दिसले नाहीत. हे त्यांनी तोवर फक्त कॉम्प्युटरला सांगितलं होतं.

मोबाईलमधून खोकला आला. सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या आप्पांचे पाय एकदम खाली आले. बासष्ट वर्षांचा माणूस, पायानंच चपला शोधायला लागला.

"हे आमचं अंगण हाय," आप्पा म्हणाले.

पाण्याचा ग्लास सरांच्या समोरच होता, पण उचलला तर आवाज होईल. पंचशीलानंच उत्तर दिलं, की हो, बाबांना आठवलं तसं केलंय. सर विमा पॉलिसीचा नंबर आठवू लागले.

आप्पांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "मग ह्यातनं जायचं कसं, सर?"

पुन्हा प्रश्न आला होता. सरांनी पूर्ण उत्तर दिलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक पोरगं पाटी घेऊन बसलंय. ते पाढा म्हणतं आणि मध्येच चुकतं. चुकलं की म्हातारा छडी घेऊन तिकडं वळतो. पोराच्या तळव्यावर छड्या बसेस्तोवर आपण निघून जायचं. सांगून झालं तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की त्या घराला पोरगं एकच होतं.

आप्पांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. ओट्यावरचं पोरगं चुकलं. म्हातारा उठला, पिवळा उजेड वळला, पलीकडच्या फाटकापर्यंत सगळं अंगण मोकळं झालं. आप्पांचा अंगठा हलला नाही. छडीचा आवाज सात वेळा आला. तोही सरांनीच दिला होता, टेबलावर पट्टी मारून.

आप्पांनी एकदा फोटोकडं पाहिलं आणि स्वतःचा आवाज खाली आणला.

"निवृत्ती, तू लिंबापाशी आला की मी मुद्दाम चुकायचो. सतराचा पाढा मला येत व्हता."

सहा वर्षं आपण कुणालाच दिसलो नाही, एवढ्या एका गोष्टीवर सरांनी तीन आवृत्त्या काढल्या होत्या. आणि हा रोज बघत होता. की बघतच नव्हता? निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि आप्पा उभे राहणार होते. हेच उद्या मंडपात माईकवर ऐकायला मिळालं असतं, तरी त्यांना नवल वाटलं नसतं. खरं धरलं तरी भीती वाटत होती, खोटं धरलं तरी.

फार भ्यायला लागला की माणूस सवयीवर येतो. सरांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणा बरं."

पंचशीलानं बापाकडं पाहिलं. दारात उभा असलेला आप्पांचा माणूस आत डोकावला. आप्पा ताठ बसले.

"सतरा एकं सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक..."

आप्पा थांबले. ओठ हलले, आकडा आला नाही. मग त्यांचा उजवा हात आपसूक पुढं आला आणि सरांच्या समोर थांबला. तळवा वर, बोटं घट्ट जुळलेली.