काचेवरचा नंबर

उत्तनची एव्हलिन सहा महिने अग्निशमन दलात शिकाऊ म्हणून घाम गाळत होती. पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर टाकून चार मजले उतरायची, डोळे मिटून दोरीच्या गाठी मारायची. अखेर कुणा शेजाऱ्याच्या फोनवरून तिची पहिली वर्दी आली: शांती नगर, तिसरा मजला, स्वयंपाकघरात आग.

बंब शेवटच्या वळणावर अडला. रस्त्याच्या मधोमध एक पांढरी मोटार ऐसपैस उभी होती. हँडब्रेक लावलेला, ढकलून हलेना.

"सर, मी पाइप घेऊन पुढे पळू?"

"पाइप तिथवर पुरायला नको? आधी गाडीवाल्याला शोध," बंबावरचे प्रमुख गुणवंत सर खेकसले. "पुतळा उचलायला काय, कोणीही उचलतं."

काचेवर मालकाचा नंबर चिकटवलेला होता, पण तो सारखा बिझी. वर धूर काळा होत चालला होता. एव्हलिनने दातओठ खात बारा वेळा फोन लावला. तेराव्यांदा कोणीतरी उचलला.

"अहो, गाडी काढा आधी! रस्ता अडवलाय तुम्ही!"

"गाडीचं काय घेऊन बसलात, मॅडम?" पलीकडचा गृहस्थ खोकत खोकत ओरडला. "इथे घर जळतंय माझं! फोन ठेवा, फायर ब्रिगेडला लावतोय कधीचा!"